सभासदाचा फोन, कर्मचाऱ्याचा फोन : ॲप विकासाचे प्लॅटफॉर्म कसे पारखावेत

तालुका दूध संघाच्या संचालक मंडळाने ‘संघाचे स्वतःचे ॲप तयार करावे’ असा एका ओळीचा ठराव केला, तर त्या ओळीत बहुधा दोन वेगवेगळी ॲप दडलेली असतात. पहिले सभासदांचे. सकाळ-संध्याकाळ किती लिटर दूध घातले, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळून उरलेले घन पदार्थ) किती लागले, रेटचार्टप्रमाणे दर काय बसला, दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची उचल किती कापली गेली, हे उत्पादकाला घरबसल्या दिसावे एवढे त्याचे काम. दुसरे कर्मचाऱ्यांचे. पर्यवेक्षकाने गावातील संकलन केंद्राची तपासणी जागेवरच नोंदवावी, टँकरसोबतच्या माणसाने बल्क कूलरमधून उचललेल्या दुधाचे माप आणि तापमान भरावे, पशुवैद्यकाने गोठ्यातील भेटीची नोंद करावी आणि ही सगळी माहिती कार्यालयातील हिशेबाशी जुळावी, हे त्याचे काम.

दोन्हीकडे दूध तेच, केंद्रे तीच आणि आकडेही तेच असतात, म्हणून एकाच प्लॅटफॉर्मवर आणि एकाच कंत्राटात दोन्ही ॲप करून घ्यावीत असे वाटणे साहजिक आहे. परंतु सभासदाचा फोन हा सभासदाचा असतो आणि कर्मचाऱ्याचा फोन, निदान कामाच्या वेळेपुरता, संस्थेचा असतो. ग्राहकांसाठीचे प्लॅटफॉर्म आणि एंटरप्राइझ (म्हणजे संस्थेच्या अंतर्गत कामासाठीचे) प्लॅटफॉर्म यांच्यातील बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात, आणि तुलनेची सुरुवातही तिथूनच करावी. पुढील विवेचनात उदाहरण दूध संघाचे घेतले आहे. पतसंस्था, साखर कारखाना किंवा बाजार समिती यांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी साधने ओळखून घ्या

ग्राहकांसाठीचे ॲप म्हणजे कोणीही प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून उतरवून घेऊ शकेल असे ॲप. ते लिहिण्यासाठी आयफोनकरिता ॲपलने २०१४ मध्ये आणलेली स्विफ्ट भाषा आहे, अँड्रॉइडकरिता कोटलिन आहे. दोन्ही प्रकारच्या फोनसाठी एकाच लेखनातून ॲप हवे असेल, तर फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह किंवा गूगलचे फ्लटर, ज्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, हे दोन रुळलेले मार्ग आहेत. मागच्या बाजूला माहिती साठवण्यासाठी फायरबेससारखी सेवा किंवा स्वतःचा सर्व्हर जोडला जातो.

एंटरप्राइझ गटात मायक्रोसॉफ्टचे पॉवर ॲप्स, २०१८ मध्ये सीमेन्सने विकत घेतलेले मेंडिक्स, मूळ पोर्तुगालचे आउटसिस्टम्स, चेन्नईच्या झोहोचे झोहो क्रिएटर आणि २०२० मध्ये गूगलकडे आलेले ॲपशीट ही नावे वारंवार कानावर येतात. इथे कोड थोडा लिहावा लागतो आणि बरेचसे काम पडद्यावर तयार घटक मांडून होते. फॉर्म, मंजुरीची साखळी, कोणाला काय दिसावे याचे अधिकार, कोणी कधी काय बदलले याची नोंद, संस्थेच्या ईमेल खात्याने प्रवेश, हे सगळे तयार मिळते. कर्मचाऱ्यांच्या ॲपमधील सत्तर टक्के कष्ट नेमके याच गोष्टींत जातात असा माझा अंदाज आहे, आणि म्हणून या साधनांना ‘प्रोग्रामरची गरज नसलेल्यांची खेळणी’ समजून नाकारणे चुकीचे ठरेल.

हे वर्गीकरण काटेकोर मात्र नाही. फ्लटरमध्ये लिहिलेले ॲप केवळ कर्मचाऱ्यांपुरते ठेवता येते, आणि एंटरप्राइझ प्लॅटफॉर्मवर जनतेसाठीचे ॲपही काढता येते. त्यामुळे ‘फ्लटर चांगले की पॉवर ॲप्स’ असा प्रश्न संचालक मंडळापुढे ठेवू नये. त्याऐवजी पुढचे प्रश्न एकेक करून विचारावेत.

ॲप फोनमध्ये कसे पोहोचणार आणि दार कोण उघडणार

सभासदांच्या ॲपचा रस्ता स्टोअरमधून जातो. गूगल प्लेवर विकसक खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. संस्थेच्या नावाने गूगल प्लेचे खाते उघडायचे असेल तर डन्स क्रमांक (संस्थांना मिळणारा जागतिक ओळख क्रमांक) लागतो, आणि तो मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज करून ठेवावा. घाई म्हणून एखाद्या व्यक्तीच्या नावावर खाते काढू नये. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याआधी सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० परीक्षकांची अट होती, ती पुढे १२ वर आली. अट जाचक वाटली तरी कल्पना उत्तम आहे, आणि संस्थेचे खाते असले तरी दोन गावांतील बारा-पंधरा उत्पादकांच्या हाती ॲप देऊन पंधरा दिवस पाहावेच.

कर्मचाऱ्यांचे ॲप सार्वजनिक स्टोअरमध्ये टाकण्याचे कारण नाही. गूगलच्या व्यवस्थापित प्ले स्टोअरमध्ये ते खासगी ॲप म्हणून संस्थेपुरते ठेवता येते. गूगल प्ले सार्वजनिक ॲपना दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीला लक्ष्य करण्याची, म्हणजे ॲप त्या आवृत्तीसाठी जुळवून घेण्याची, सक्ती करते. कायमस्वरूपी खासगी असलेल्या ॲपना ती लागू नसते. ज्या संस्थेकडे कायमस्वरूपी प्रोग्रामर नाही तिच्यासाठी ही सवलत मोठी आहे. शिवाय अँड्रॉइडमध्ये कर्मचाऱ्याच्या स्वतःच्याच फोनवर कामाचे वेगळे प्रोफाइल उघडता येते. पर्यवेक्षकाने नोकरी सोडली की तेवढा कप्पा पुसला जातो आणि त्याचे घरचे फोटो, संदेश यांना धक्का लागत नाही. इन्ट्यूनसारखी उपकरण व्यवस्थापनाची सेवा हेच काम पन्नास फोनवर एका जागेवरून करते.

ॲपलच्या जगात कर्मचाऱ्यांपुरत्या वितरणासाठी वेगळी एंटरप्राइझ योजना आहे. तिची वार्षिक फी २९९ डॉलर असून संस्थेत किमान १०० कर्मचारी असावे लागतात. ही योजना म्हणजे स्टोअरच्या तपासणीतून सुटण्याची पळवाट नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये फेसबुक आणि गूगल या दोघांनीही या योजनेत कर्मचाऱ्यांच्या ॲपसाठी मिळणारे डिजिटल प्रमाणपत्र वापरून बाहेरच्या लोकांना संशोधनाची ॲप वाटल्याचे उघड झाले, तेव्हा ॲपलने दोघांचीही प्रमाणपत्रे रद्द केली आणि त्या प्रमाणपत्रांवर चालणारी त्यांची कार्यालयीन ॲपही एकाएकी बंद पडली. पुढे ती पूर्ववत झाली, पण एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत होते तिथे तालुक्याच्या संघाने ‘कर्मचाऱ्यांचेच ॲप सभासदांनाही देऊन टाकू’ हा विचार मनातही आणू नये. दूध संघात आयफोन बहुधा मोजकेच असतात. अशा वेळी पहिल्या वर्षी अँड्रॉइडपुरतेच काम करावे आणि वाचलेला पैसा चाचणीवर खर्च करावा.

आता ओळख. कर्मचाऱ्याची ओळख संस्था ठरवते: त्याचे खाते संस्थेने उघडलेले असते, एकाच प्रवेशाने त्याला ईमेल, हजेरी आणि ॲप सगळे उघडते, आणि ते खाते बंद केले की सगळी दारे एकदम बंद होतात. एंटरप्राइझ प्लॅटफॉर्मची खरी किंमत इथे वसूल होते. सभासदाची ओळख मात्र त्याच्या मोबाइल क्रमांकावर उभी असते. ओटीपीचा संदेश पाठवायचा तर भारतात डीएलटी या व्यावसायिक संदेशांच्या नोंदणी प्रणालीवर संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मजकुराची आधी नोंदणी करावी लागते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांपासून ही व्यवस्था आहे आणि मजकुरात एक शब्द जरी बदलला तरी संदेश अडू शकतो.

गावातील वास्तव याहून गुंतागुंतीचे आहे. खाते वडिलांच्या नावावर, फोन मुलाच्या हातात, आणि त्याच क्रमांकावर आईच्या नावाचे दुसरे खाते, अशी घरे सर्रास आढळतात. ‘एक मोबाइल क्रमांक म्हणजे एक सभासद’ असे गृहीत धरून उभारलेले ॲप अशा घरात पहिल्याच दिवशी अडते. म्हणून कोणताही प्लॅटफॉर्म दाखवायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारावा की एका क्रमांकावर तीन सभासद खाती असतील तर पडदा काय दाखवेल, आणि क्रमांक बदलला तर जुनी माहिती कोणाच्या परवानगीने नव्या फोनवर जाईल. क्रमांक बदलण्याचा अधिकार गावच्या संस्थेच्या सचिवाकडे ठेवणार असाल, तर त्या प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे.

आकारणी माणसागणिक की वापरागणिक

एंटरप्राइझ प्लॅटफॉर्म बहुधा प्रत्येक वापरकर्त्यामागे दरमहा आकारणी करतात. दर समजा माणशी दरमहा ५०० रुपये आहे. चाळीस कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला २ लाख ४० हजार रुपये होतात, आणि त्यात प्रवेशव्यवस्था, अधिकार, सुरक्षितता व दुरुस्त्या येत असतील तर हा सौदा स्वस्त आहे, कारण तेवढ्या पैशात एक चांगला प्रोग्रामर वर्षभर मिळणार नाही. तोच दर आठ हजार सभासदांना लावला तर वर्षाचा आकडा ४ कोटी ८० लाखांवर जातो. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी बहुतेक कंपन्यांकडे वेगळ्या योजना असतात, पण त्या आधी लेखी घ्याव्यात. पॉवर ॲप्ससारख्या साधनात तर ॲप वापरणारा प्रत्येक जण संस्थेच्या खात्यात निदान पाहुणा म्हणून तरी नोंदलेला असावा लागतो, आणि आठ हजार उत्पादकांना असे नोंदवणे हे पैशाइतकेच श्रमाचेही ओझे आहे.

ग्राहकांसाठीच्या सेवा वापरागणिक आकारतात, आणि इथे ॲपची रचनाच बिल ठरवते. फायरबेसमधील फायरस्टोअर या डेटाबेसच्या मोफत मर्यादेत रोज ५०,००० वाचने आणि २०,००० लेखने मिळतात. आठ हजार सभासदांनी दिवसातून दोनदा ॲप उघडले आणि प्रत्येक वेळी मागच्या वीस नोंदी स्वतंत्रपणे वाचल्या गेल्या, तर रोजची वाचने ३,२०,००० होतात. त्याऐवजी प्रत्येक सभासदाच्या चालू बिलाचा एकच सारांश तयार ठेवला आणि तेवढाच वाचला, तर आकडा १६,००० वर येतो आणि मर्यादेत बसतो. लेखनाचा हिशेबही तपासावा लागतो. मूळ नोंदी आणि सारांश दोन्ही फायरस्टोअरमध्ये लिहिले तर रोज ३२,००० लेखने होतील आणि मर्यादा मोडेल. मूळ नोंदी संघाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवून फक्त सारांश वर पाठवला तर १६,००० पुरतात. पैसे वाचतात हा यातला लहान फायदा. हिशेबाचे मूळ पुस्तक संघाच्या ताब्यात राहते, हा मोठा.

असा कागदावरचा हिशेब कंत्राटदाराकडून पहिल्या बैठकीतच मागावा. रोज किती वाचने, किती लेखने, किती ओटीपी आणि ती संख्या दुप्पट झाली तर बिल किती, या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येत नाहीत त्याने असे काम आधी केलेले नसते.

रेंज नसलेल्या वाडीत

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील किंवा डोंगरआडच्या वाडीत पहाटे साडेपाचला संकलन चालू असते, आणि नेटवर्क नसते. सभासदाच्या ॲपला हे चालून जाते, कारण कालचा आकडा दुपारी दिसला तरी त्याचे काम अडत नाही. कर्मचाऱ्याच्या ॲपला ते अजिबात चालत नाही. म्हणून एंटरप्राइझ प्लॅटफॉर्म निवडताना ‘ऑफलाइन चालते’ या दोन शब्दांवर विसंबू नये. कसे चालते ते करून दाखवायला सांगावे. फोन विमान मोडवर टाकून पन्नास नोंदी भरायच्या, ॲप पूर्ण बंद करायचे, फोन बंद करून पुन्हा चालू करायचा, मग नेटवर्क द्यायचे आणि कार्यालयात बरोबर पन्नासच नोंदी आल्या की नाही ते मोजायचे. माझ्या पाहण्यातील एका संस्थेत अशा चाचणीत पन्नासाच्या त्रेपन्न झाल्या होत्या, कारण पाठवताना मध्येच तुटलेल्या नोंदी ॲपने पुन्हा पाठवल्या आणि सर्व्हरने त्या नव्या समजून घेतल्या. दुधाच्या धंद्यात जास्तीची नोंद म्हणजे जास्तीचे बिल. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक नोंदीचा एकमेव क्रमांक फोनवरच, पाठवण्याआधी, तयार करावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो निमूट ओलांडावा. नोंदीसोबत फोनची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही वेळा साठवाव्यात, म्हणजे घड्याळ चुकलेला फोनही ओळखू येतो.

फायरस्टोअर अँड्रॉइडवर आणि आयफोनवर नेटवर्कविना नोंदी स्वतःच सांभाळून ठेवते, पण दोघांनी एकाच नोंदीत बदल केला तर शेवटी पोहोचलेला बदल टिकतो, आणि ज्यांना ट्रान्झॅक्शन म्हणतात ती एकसंध क्रिया नेटवर्क नसताना होतच नाही. याचा अर्थ शिल्लक पशुखाद्याच्या पोत्यांचा आकडा थेट कमी-जास्त करण्याऐवजी ‘दोन पोती दिली’ अशी स्वतंत्र नोंद लिहावी आणि शिल्लक नंतर काढावी, जशी जुन्या खतावणीत काढत असत.

पॉवर ॲप्समध्ये एक वेगळा धोका आहे, आणि तो नेटवर्क असतानाही लागू होतो. माहितीच्या स्रोताला जे काम सोपवता येत नाही, ते ॲप स्वतः करते, आणि त्यासाठी सुरुवातीच्या फक्त ५०० नोंदी घेते; ही मर्यादा वाढवून जास्तीत जास्त २,००० करता येते. मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंटमध्ये ठेवलेल्या यादीवर बेरीज करायला सांगितली तर ती बेरीज स्रोताकडे सोपवता येत नाही. दीडशे उत्पादकांच्या गावात दहा दिवसांत, दोन वेळच्या हिशेबाने, ३,००० नोंदी होतात. म्हणजे बिलाची बेरीज चुकीची येणार, ॲप बांधणाऱ्याला रचनेच्या वेळी इशारा दिसणार, आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर मात्र सगळे व्यवस्थित वाटणार. चाचणीत नेहमी वीस-तीस नमुना नोंदी असतात, म्हणून हा दोष प्रात्यक्षिकात कधीच उघडा पडत नाही. प्रात्यक्षिकाच्या आधी मागच्या महिन्याच्या सगळ्या नोंदी त्यांच्याकडे द्याव्यात आणि कागदावरच्या बिलाशी पैशापैशाने ताळा करावा.

मराठी म्हणजे नुसते भाषांतर नव्हे

भाषेचा प्रश्न बहुतेक तुलनांमध्ये शेवटच्या ओळीत येतो, आणि तोच सभासदाला सर्वांत आधी टोचतो. फोनची भाषा मराठी ठेवली तर अनेक प्रणाली आकडे आपोआप देवनागरीत दाखवतात, कारण मराठीसाठी प्रमाण मानलेली अंकपद्धतीच देवनागरी आहे. हिंदीसाठी तसे नाही. वाचायला हे उत्तम आहे. पण ‘४.२’ असे अक्षररूप जर तसेच साठवले किंवा पुढे पाठवले, तर फ्लटरची डार्ट भाषा आणि रिॲक्ट नेटिव्हची जावास्क्रिप्ट या दोन्हींना ते संख्या म्हणून वाचता येत नाही. केवळ हिंदी आणि इंग्रजी फोनवर तपासलेले ॲप मराठी फोनवर कोसळते ते बहुधा यामुळे. साठवताना संख्या संख्येच्याच रूपात ठेवावी, आणि देवनागरी रूप फक्त पडद्यावर उतरवताना द्यावे.

दुसरी अडचण शोधाची. ‘कऱ्हाड’ या नावातील ऱ्ह दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित होतो: एकदा वेगळे ऱ अक्षर वापरून आणि एकदा साध्या र ला हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि प्रमाणीकरणाच्या ठरीव पद्धतीनेही ते एक होत नाहीत. साताऱ्याच्या संघात ‘कऱ्हाड’ शोधून निम्मीच केंद्रे सापडली तर दोष यादीचा नसून याचा असतो. स्वतः कोड लिहिलेल्या ॲपमध्ये नोंद साठवतानाच अशी अक्षरे एकसारखी करून घेणे चार ओळींचे काम आहे. तयार घटकांच्या प्लॅटफॉर्मवर शोधाची खिडकी त्यांची असते आणि तिच्या पोटात शिरता येईलच असे नाही, म्हणून हे आधी तपासावे. तसेच चूक झाल्यावर येणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या सूचना मराठीत येतात का, हेही पाहावे; ‘जतन करा’ असे मराठी बटण दाबल्यावर इंग्रजीत उमटलेली लाल ओळ टँकरवरच्या माणसाच्या उपयोगाची नसते.

माहितीची जबाबदारी

यावर थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात संमती मागण्यापूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा असे म्हटले आहे, म्हणजे मराठी सूचना ही सौजन्याची बाब राहिलेली नाही. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. एंटरप्राइझ प्लॅटफॉर्मवर अशा नोंदी बहुधा तयार असतात. किती दिवस राहतात ते कराराच्या पातळीवर अवलंबून असते आणि ते विचारावे लागते. फायरस्टोअरवर स्वतः काम करणार असाल तर दोन गोष्टी पहिल्या दिवशी कराव्यात. डेटाबेसची जागा मुंबई निवडावी, कारण ती पुढे बदलता येत नाही. आणि चाचणीसाठीचे ३० दिवसांचे खुले नियम पहिल्याच दिवशी काढून, सभासदाला फक्त स्वतःच्या नोंदी वाचता येतील असे नियम लिहावेत.

बाहेर पडण्याची वाट

मोठ्या कंपनीचा प्लॅटफॉर्म टिकतो आणि लहान कंपनीचा बुडतो, ही समजूत अनुभवाला धरून नाही. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलेली पार्स ही ॲपच्या मागच्या बाजूची सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले आणि वर्षभराने ती बंदही झाली. गूगलचे कार्यालयांसाठीचे ॲप मेकर जानेवारी २०२१ मध्ये मिटले. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये घेतलेल्या झामारिन या ॲप बांधण्याच्या साधनाचा आधार १ मे २०२४ रोजी संपला. या तिघांचा शेवट मात्र सारखा झाला नाही. पार्सचा सर्व्हर खुला करून देण्यात आला, म्हणून ज्यांनी त्यावर ॲप बांधली होती त्यांना ती स्वतःच्या सर्व्हरवर हलवता आली. झामारिनवाल्यांना मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट माउईकडे जाण्याचा, कष्टाचा का होईना, मार्ग होता. ॲप मेकरमध्ये बांधलेली ॲप दुसरीकडे थेट नेताच येत नव्हती. डेटाबेस वाचवता येत होता, ॲप नव्याने बांधावे लागत होते.

कोणताही प्लॅटफॉर्म तोलताना ‘उद्या हा बंद झाला तर माझ्या हाती काय उरेल’ हा प्रश्न मी सर्वांत जड मानतो. फ्लटर किंवा कोटलिनमधील ॲपचा कोड हाती उरतो आणि दुसरा प्रोग्रामर तो उचलू शकतो. पॉवर ॲप्सचे ॲप बाहेर काढता येते, पण ते पुन्हा पॉवर ॲप्समध्येच चालते. चाळीस जणांच्या तपासणी फॉर्मसाठी हे बंधन मला मान्य आहे, कारण तो फॉर्म नव्याने बांधणे महिन्याभराचे काम आहे. आठ हजार घरांत पोहोचलेल्या ॲपसाठी मी ते स्वीकारणार नाही.

कोड हाती असूनही वाट बंद होऊ शकते. एका संस्थेचे ॲप कंत्राटदाराच्या प्ले स्टोअर खात्यावर प्रसिद्ध झाले होते. करार संपला, बोलणी फिसकटली, आणि संस्थेला स्वतःच्याच ॲपमध्ये दुरुस्ती करता येईना. शेवटी नवे ॲप नव्या नावाने टाकावे लागले आणि गावोगावी फलक लावून जुने काढायला सांगावे लागले. तेव्हा करारात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: स्टोअरचे खाते संस्थेच्या नावाचे असेल आणि कंत्राटदाराला त्यात मर्यादित प्रवेश दिला जाईल, ॲपवर सही करण्याची किल्ली गूगलच्या प्ले साइनिंगमध्ये राहील व अपलोड किल्लीची (नवी आवृत्ती चढवताना लागणाऱ्या किल्लीची) प्रत संस्थेच्या तिजोरीत असेल, कोड दर महिन्याला संस्थेच्या भांडारात जमा होईल, आणि संपूर्ण माहिती सीएसव्हीसारख्या साध्या स्वरूपात केव्हाही, शुल्काविना, काढून मिळेल. शेवटची अट एंटरप्राइझ प्लॅटफॉर्मच्या विक्रेत्यालाही घालावी आणि सही करण्याआधी एकदा माहिती खरोखर काढून पाहावी.

निर्णय कसा लावावा

वर्णन केलेल्या दूध संघाला माझा सल्ला असा राहील. कर्मचाऱ्यांचे ॲप तयार घटकांच्या एंटरप्राइझ प्लॅटफॉर्मवर करावे. संघाचे ईमेल मायक्रोसॉफ्टकडे असेल तर पॉवर ॲप्सपासून, झोहोकडे असेल तर झोहो क्रिएटरपासून पाहणी सुरू करावी, कारण कर्मचाऱ्यांची ओळख तिथे आधीच आहे. ऑफलाइन नोंदींची चाचणी त्यात नापास झाली, तर हट्ट न धरता संकलनाच्या तेवढ्या एका पडद्यासाठी फ्लटरचे लहान खासगी ॲप लिहून घ्यावे आणि तपासणी, मंजुरी, भेटींच्या नोंदी प्लॅटफॉर्मवरच ठेवाव्यात. सभासदांचे ॲप फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये करावे. या दोहोंत जो चांगला प्रोग्रामर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल त्याची भाषा घ्यावी, कारण तीन वर्षांनी दुरुस्तीला माणूस मिळणे हे त्या साधनांमधील बारीक फरकांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. दोन्ही ॲपच्या मागे हिशेबाचा डेटाबेस एकच आणि संघाचा स्वतःचा असावा. ॲप त्याच्याशी ठरलेल्या दारातून बोलतील, त्याच्या आत शिरणार नाहीत. संघ लहान असेल, सभासद तीन-चारशेच असतील आणि संगणकाचा माणूस एकच असेल, तर सभासदांच्या ॲपचा विचार पुढे ढकलून त्यांना बिलाचा एसएमएस पाठवणे अधिक हिताचे.

विक्रेते निवडताना गुणांचे तक्ते भरण्यापेक्षा दोघांना तेच काम द्यावे. दोन केंद्रे निवडावीत, एक रेंज असलेले आणि एक नसलेले. बिलाचे एक पूर्ण चक्र, म्हणजे दहा दिवस, कागदी नोंद आणि ॲपची नोंद समांतर चालवावी. अकराव्या दिवशी सचिवाने दोन्ही बिले शेजारी ठेवून जुळवावीत, आणि जिथे फरक निघेल ती नोंद विक्रेत्याकडून फोनपासून सर्व्हरपर्यंत माग काढून समजावून घ्यावी. या दहा दिवसांचे पैसे दोन्ही विक्रेत्यांना द्यावेत. फुकटात करून घेतलेल्या प्रात्यक्षिकात त्यांची चांगली माणसे येत नाहीत.